लोमधून सुटतो

शोरूममधून आलेल्या मेकॅनिक पोरानं पाना हातात घेण्याआधी खाली वाकून एक गोष्ट नीट पाहिली. ट्रॅक्टरच्या हाय-लोच्या, म्हणजे जास्त-कमी वेगाचा गिअर टाकायच्या, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली होती, दुपदरी, आणि तिचं दुसरं टोक सीटखालच्या बोल्टाला आवळलेलं होतं. रबर उन्हानं चिरलं होतं. त्यावर बोर्डोच्या फवाऱ्याचा निळसर पापुद्रा बसला होता आणि पट्टी दांड्याला जिथं वळसा घालत होती तिथं घासून घासून अगदी गुळगुळीत झाली होती. "हे कुणी बांधलंय?" पोरानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. शेडच्या खांबाला टेकून उभे असलेले अण्णा दोन पावलं पुढं आले. "मी बांधलंय, साहेब. चुकलं का काही?"

पोर तेविशी-चोविशीचं. अण्णांची साठी जवळ आलेली. "चुकलं नाही हो. किती दिवसांपासून सुटतंय?" "एप्रिल छाटणीपासून." पोरानं मान हलवली आणि पक्कडीनं पट्टीची गाठ सैल करायला घेतली. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, पाहायचं त्याला कारणही नव्हतं. मी मात्र उभ्या उभ्या महिने मोजले. एप्रिल ते नोव्हेंबर. सात.

तेव्हापासून ते "चुकलं का काही" डोक्यातून जात नाही.

अण्णा आमच्याकडं एकोणीस वर्षं आहेत, वडील होते तेव्हापासून. त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं ते एप्रिल छाटणी उरकल्यावर, द्राक्षाच्या बागेत शेणखत मातीआड करताना. बांधावर चहा पीत होतो. "दादा, लोमधून सुटतो," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "दांडा पूर्ण टाकत नसाल अण्णा, नीट बसवत जा." दुसऱ्यांदा मृगाच्या तोंडावर म्हणाले. तेव्हा मी स्वतः ट्रॅक्टरवर बसलो, घरासमोरच्या खळ्यात दोन चकरा मारल्या, लो टाकला, हाय टाकला, सगळं जिथल्या तिथं. तिसऱ्यांदा सर्व्हिसिंगच्या वेळी ते माझ्यासोबत शोरूमला आले आणि काउंटरवरच्या माणसाला त्यांनी स्वतः सांगितलं. त्या माणसानं आवारात, सिमेंटच्या फरशीवर, ट्रॅक्टर फिरवून आणला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काही नाही, ड्रायव्हरची सवय असते एकेकाची." परत येताना गाडीत मी अण्णांना तेच वाक्य सांगितलं, जणू त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आणि कधीतरी पावसाळ्यात ती ट्यूबची पट्टी आली. मी ती पाहिली होती. आमच्या मळ्यात काय काय ट्यूबनं बांधलेलं नसतं! मोटारीच्या पेटीचं दार, ठिबकच्या नळीचा फाटा, फाटकाची कडी. पाण्याची बाटली अडकवायला बांधली असेल, असं मनात आलं आणि मी पुढं निघून गेलो.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात, ओढ्याकडं उतरत गेलेली. वरच्या अंगाला घर आणि शेड, खालच्या अंगाला शेततळं. नऊ फुटांच्या ओळी, वर मंडपाच्या तारा, आणि त्या तारांखालून जाईल असा बुटका, अरुंद, चोवीस एचपीचा ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर इथं शिरतच नाही. तारांखालून जायचं म्हणून डोक्यावर छत नाही, लोखंडी कमान नाही, बसणारा मान खाली घालूनच चालवतो. त्याच्या मागं सहाशे लिटरची टाकी असलेला ब्लोअर, म्हणजे पंख्यानं औषध फवारणारं यंत्र. सहाशे लिटर पाणी म्हणजे सहाशे किलो, शिवाय टाकी, पंप, पंखा यांचं वजन वेगळं. ज्यानं ओढायचं त्या ट्रॅक्टरच्या वजनाशी टक्कर घेणारं ओझं, आणि त्या ओझ्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पन्नास-साठ दिवस हा ट्रॅक्टर शेडमध्ये थंड होत नाही. पहाटे दव असताना अण्णा निघतात, तोंडाला टॉवेल, त्यावर टोपी. पंखा सुरू झाला की ओळीत धुकं उभं राहतं, पानं उलटी होऊन पांढरी दिसतात, आणि त्या धुक्यातून आधी आवाज येतो, मग दोन दिवे येतात, मग अण्णा. औषधाचा वास सकाळभर अंगणात असतो. आई चुलीवरचं दूध झाकून ठेवते.

आणि वरच्या ओळींची फवारणी कडेला लागली की त्यांना तो उतार उतरायचा असतो, शेततळ्याकडं. कधी रिकाम्या टाकीनं पाणी भरायला, कधी भरल्या टाकीनं खालच्या ओळींना. तळ्याला काळा कागद अंथरलेला आहे. तो ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही, कुत्रं पडलं तर वर येत नाही. म्हणून आम्ही चारी बाजूंनी दोर सोडून ठेवलेत. ट्रॅक्टरसकट माणूस आत गेला तर त्या दोराचा काय उपयोग, हा विचार मी नोव्हेंबरच्या आधी कधी केला नव्हता.

गिअर सपाटीला सुटत नव्हता, उतारालाच सुटत होता, याचं कारण त्या मेकॅनिक पोरानं मला नंतर समजावलं. पेटीत एक दांडी असते, तिच्यावर खाचा कोरलेल्या. स्प्रिंगनं दाबलेली एक गोळी त्या खाचेत बसते आणि गिअरला जागेवर धरते. स्प्रिंग मेली किंवा खाच झिजली की गोळीची पकड ढिली पडते. सपाटीला इंजिन चाकांना ओढत असतं, दाते एका अंगानं एकमेकांवर रेलून असतात, म्हणून ढिली पकडसुद्धा चालून जाते. उताराला उलटं होतं. चाकं इंजिनाला ढकलायला लागतात, दात्यांवरचा दाब या अंगावरून त्या अंगावर जातो, आणि नेमक्या त्या बदलात गिअर हळूच मागं सरकून बाहेर येतो. इंजिन एकीकडं, चाकं एकीकडं. "उताराला क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही" हे वडिलांनी अण्णांना शिकवलं होतं आणि अण्णांनी मला. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना अण्णा नावं ठेवायचे. आता ट्रॅक्टर आपणहून न्यूट्रल होत होता, भर उतारावर, मागून सहाशे लिटर ढकलत असताना. मी खळ्यात चकरा मारल्या, काउंटरवरच्या माणसानं फरशीवर मारल्या. दोघांच्याही पायाखाली उतार नव्हता.

ट्रॅक्टर आईच्या नावावर आहे. तीन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळायचं, इतरांना लाखापर्यंत. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या संकेतस्थळावर, अर्ज आईच्या नावानं भरला, लॉटरीत नंबर लागला, आणि सगळ्या कागदांवर मोबाइल नंबरही आईचाच गेला. आईनं त्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आजवर धरलेलं नाही. दसऱ्याला ती त्याला हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवते, नारळ फोडते. कंपनीचा निरोप आला तो तिच्या बटणाच्या फोनवर, इंग्रजीत. तो तिथं किती दिवस पडून होता ते नंतर तारखेवरून कळलं: अकरा दिवस. मग शोरूममधून एका मुलीचा फोन आला, तोही आईलाच. रात्री जेवताना आई म्हणाली, "अरे, कंपनीनं आपल्या ट्रॅक्टरला मूळ धाडलंय. माघारी बोलावलाय म्हणाली ती पोरगी, फुकट बघून देणार आहेत." पंचमीला लेकीला न्यायला माहेरहून माणूस येतो तसं तिला ते वाटलं. तिच्या आवाजात कौतुक होतं, की विकून मोकळे न होता कंपनीवाल्यांनी आठवण ठेवली. मीही दुसरा घास घेता घेता म्हणालो, "जाहिरात असते गं, सर्व्हिसिंगला बोलावतात." मग हात धुतल्यावर फोन घेऊन तो निरोप वाचला.

चार ओळी होत्या. ठरावीक काळात तयार झालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधला एक भाग 'खबरदारी म्हणून' तपासून, गरज असल्यास बदलून देण्यात येईल, मोफत, जवळच्या विक्रेत्याकडं संपर्क साधा. धोका हा शब्द नव्हता. चालवू नका असं नव्हतं. गिअर उतारावर सुटू शकतो, असं कुठंही नव्हतं. पण 'ट्रान्समिशन' वाचलं आणि माझ्या कानात अण्णांचा आवाज आला. बॅटरी घेऊन मी शेडमध्ये गेलो. चेसिस नंबर वाचायचा होता. नंबराच्या जागेवर मोरचुदाचा आणि चुन्याचा थर दगडासारखा चढलेला. आधी नखानं, मग चमच्याच्या दांड्यानं खरवडला, डिझेलच्या बोळ्यानं पुसला, तेव्हा एकेक आकडा वर आला. पाटी रंगल्यामुळं शेवटचे दोन आकडे लागेनात. मग आरटीओच्या वेळी करतात तसं कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. पेन्सिलीच्या काळ्या रंगात पांढरे आकडे उमटले. सकाळी शोरूमला फोन करून नंबर सांगितला. "हो, तुमचा आहे यात," पलीकडची मुलगी म्हणाली. "घेऊन या, दोन-तीन दिवस लागतील. गर्दी आहे जरा."

तो बुधवार होता. इथून पुढचं लिहायला मला जड जातंय.

बाग तेव्हा फुलोऱ्यात शिरत होती. चार दिवस आभाळ झाकलेलं, रात्री पावसाची बुरबुर, सकाळी पानांवर तेलकट डाग. फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे काय हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. डाऊनीची बुरशी घडात शिरली की वर्ष गेलं. सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानची उधारी, मजुरांची उचल, सगळं त्या करंगळीएवढ्या घडांवर टांगलेलं असतं. दोन-तीन दिवस ट्रॅक्टर नाही म्हणजे दोन-तीन फवारे नाहीत. भाड्यानं ब्लोअर मिळेल का म्हणून तीन ठिकाणी फोन केले. अशा हवेत कुणाचा ब्लोअर रिकामा असतो? मी शोरूमला सांगितलं, सोमवारी आणतो. अण्णांना गुरुवारी पहाटे एवढंच म्हणालो, "उताराला जपून." ते म्हणाले, "जपूनच असतो दादा." गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार फवारे झाले. चारही दिवस मी बांधावर उभा होतो, आणि उभं राहण्यानं काय होणार होतं ते मला माहीत होतं. वहीत बेरीज-वजाबाकी करावी तशी मी मनात घड आणि माणूस यांची करत होतो. निरोप हातात आल्यावर, सगळं कळल्यावर. एप्रिल ते ऑक्टोबर मी ऐकलं नाही याला मी अजून न कळण्याचं नाव देऊ शकतो. त्या चार दिवसांना दुसरं नाव नाही.

आजोबांची एक गोष्ट त्या दिवसांत सारखी आठवत होती. त्यांच्याकडं एक ढवळा बैल होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. बाजारच्या दिवशी गाडीत कांद्याची पोती भरलेली, आणि ओढ्याच्या उताराशी येऊन ढवळा थांबला. मागचे पाय रोवले, मान हलवायला लागला. जोडीचा बैल पुढं ओढतोय, हा हलत नाही. बरोबरचे लोक म्हणाले, आसूड घाला, माजलाय. आजोबा खाली उतरले. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग एकेक पाय उचलून पाहिला. पुढच्या डाव्या खुरात बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा. त्या दिवशी बाजार झाला नाही. पोती उतरवली, गाडी रिकामी करून माघारी आणली, कांदा पुढच्या बाजारी गेला, कमी भावानं. आजीनं विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "तो नको म्हणत होता." एवढंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला ते त्याच्या खांद्याला तूप-हळद लावताना बोलत बसायचे, त्याच्याशी. जनावर नको म्हणतंय हे त्यांना ऐकू यायचं. अण्णांनी मला मराठीत सांगितलं होतं, तीनदा.

रविवारी रात्री झोप येईना म्हणून फोनवर शोधत बसलो. अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षेसाठी एक सरकारी आयोग आहे, तो वस्तू परत बोलावण्याच्या सूचना जाहीर करतो. त्यात घरगुती बागकामाचे आणि छोटे ट्रॅक्टरही असतात. प्रत्येक सूचनेत ठरलेले रकाने: वस्तू कोणती, धोका काय, उपाय काय, किती नग विकले, किती अपघात झाले, कुणी जखमी आहे का. धोक्याचा रकाना अगदी वर. आणि कितीतरी सूचनांमध्ये सरळ वाक्य, की ताबडतोब वापर थांबवा. ते वाक्य मी आमच्या निरोपात पुन्हा एकदा शोधलं. आपल्याकडं वाहन कंपन्यांनी २०१२ पासून आपण होऊन परत बोलावण्याची पद्धत सुरू केली. पुढं मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीनं परत बोलावण्याची सोय झाली. मी ते कलम दोनदा वाचलं. दोषामुळं ज्यांना इजा होऊ शकते त्यांच्या यादीत चालकाचा उल्लेख आहे, प्रवाशांच्याही आधी. पण पुढं पैसे परत करण्याची गोष्ट येते तिथं खरेदीदार आहे. मालक आणि चालक एकच असेल, तर फरक पडत नाही. आमच्या ट्रॅक्टरचा खरेदीदार माझी आई आहे. निरोप तिला आला, फोन तिला आला. अपघात झालाच असता तर? शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला सरकारचं दोन लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. अण्णांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि आमच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव असायचं कारण नाही. त्या ट्रॅक्टरवर वर्षाला शेकडो तास बसणारा माणूस त्याच्या एकाही कागदावर नव्हता. हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी शोरूमला फोन केला आणि सांगितलं की ट्रॅक्टर तिथवर रस्त्यानं आणणार नाही, वाटेत घाटासारखा उतार आहे, तुम्ही माणसं पाठवा. आधी नाही म्हणाले. मी म्हणालो, हे तुमच्या साहेबांना लेखी कळवतो, ड्रायव्हरनं तुमच्याच काउंटरवर सांगितलं होतं हेही त्यात लिहितो. तासाभरानं उलटा फोन आला. मंगळवारी दुपारी दोन पोरं एका पिकअपमधून आली, सुटे भाग आणि तेलाचे डबे घेऊन.

शेडमध्ये पोतं अंथरलं. खालचा बोल्ट सोडला तसा पेटीतल्या तेलाचा तो उग्र, गंधकासारखा वास शेडभर पसरला. तेल घमेल्यात पडत होतं, काळं, जाड, मधेच चमकणारं. त्या बोल्टाच्या टोकाला चुंबक असतं. पोरानं तो बोटांत धरून आम्हाला दाखवला. त्याच्यावर लोखंडाचा कीस दाट चिकटला होता, ओल्या केसांच्या पुंजक्यासारखा. अण्णांनी तो पुंजका चिमटीत घेऊन चोळला, बोटं उजेडाकडं धरली. चांदीच्या भुकटीसारखं काही चमकलं. "एवढं झिजलं," ते हळू आवाजात म्हणाले. मग वरचं झाकण निघालं. लोच्या गिअरच्या दात्यांच्या कडा गोल झाल्या होत्या, चिंचोक्यासारख्या. पोरानं जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. जुनी नखभर आखूड. अंगठ्यानं दाबली तर जुनी सहज बसली, नवीनं अंगठ्याला कळ आणली. पेनातली असते तशीच, जरा जाड तारेची. मी ती बराच वेळ हातात धरून होतो. मग अण्णांच्या हातात दिली. त्यांनीही दोन्ही दाबून पाहिल्या, आणि आलटून पालटून पुन्हा दाबून पाहिल्या.

भाग आणि मजुरी फुकट, तेलाचे पैसे तुमचे, असं काम संपत आल्यावर पोरानं सांगितलं. दोष कंपनीचा, पेटी उघडावी लागली ती त्या दोषामुळं, मग तेल आमचं का? तो बिचारा म्हणाला, मला वरून सांगितलंय. मी पैसे दिले. याचं पत्र मात्र मी लिहिलंय आणि उत्तर येईपर्यंत लिहिणार आहे.

मग त्यानं सहीसाठी कागद पुढं केला. जॉबकार्ड. वर आईचं नाव, चेसिस नंबर, तास. खाली 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना आणि त्यात त्यानं आधीच लिहून ठेवलेलं: नाही. मी म्हणालो, हे खोडा. त्याला कळेना. तो म्हणाला, हे कंपनीकडून आलेलं काम आहे, तुमच्या तक्रारीवरून नाही, म्हणून तिथं 'नाही'च लिहितात. मी म्हणालो, तक्रार होती, एप्रिलपासून होती, आणि ज्याची होती तो इथं उभा आहे. अण्णा म्हणाले, "राहू द्या दादा, झालं ना काम." मी राहू दिलं नाही. पोरानं 'नाही' खोडलं आणि पेन अण्णांकडं वळवलं, सांगा म्हणाला. अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं: "उताराला लोमधून सुटतो. भरल्या टाकीनं जास्त सुटतो. सुटायच्या आधी दांडा हाताला थरथरतो." हे शेवटचं वाक्य मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. पोरगा लिहिता लिहिता थांबला. "थरथरतो? किती आधी?" "दोन पावलं आधी. तेवढ्यात दाबून धरलं तर नाही सुटत. पण औषधाचा कॉक पण बघावा लागतो ना, दर वेळी हात मोकळा नसतो. म्हणून ती पट्टी." पोरानं तेही लिहिलं, रकान्यात मावेना म्हणून कागदाच्या कडेनं उभं लिहिलं. आईनं सही केली. तिच्या सहीशेजारी, जिथं रेघ नव्हती तिथं, अण्णांनी आपलं नाव लिहिलं, आडनावासकट.

आई तेव्हा चहा घेऊन आली होती. तिला सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे, पण तिनं पहिला कप अण्णांना दिला.

संध्याकाळी पोरं गेल्यावर ती ट्यूबची पट्टी शेडच्या फरशीवर पडलेली दिसली. मी ती उचलून खिळ्याला अडकवली. का ते सांगता येणार नाही. फेकवेना. सकाळी पाहिलं तर ती खिळ्यावर नव्हती. अण्णांनी ती फाटकाच्या कडीला बांधून टाकली होती, तिथली जुनी तुटली होती म्हणून.

गुरुवारी आभाळ निवळलं. पहाटे फवारा होता. मी तळ्याच्या बांधावर उभा होतो, गार वारा होता, कागदावर दव साचलं होतं. वरच्या ओळींमधला पंख्याचा आवाज थांबला आणि ट्रॅक्टर मंडपाबाहेर येऊन उताराला लागला. टाकी अर्धी भरलेली होती. इंजिनाचा आवाज एकसारखा, दाबून धरल्यासारखा, गिअरनं चाकांना धरून ठेवल्याचा. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं म्हटलं तरी चालेल. ट्रॅक्टर जवळ आला तेव्हा दिसलं, अण्णांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता आणि डावा हाय-लोच्या दांड्यावर, पंजा वरून घट्ट बसवलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"अण्णा, नवीन बसवलंय आता. सोडा की हात," मी ओरडून म्हणालो.

"हो दादा," ते म्हणाले.

हात तिथंच होता. ट्रॅक्टर सपाटीला आला, तळ्यापासून दहा हातांवर थांबला. त्यांनी ब्रेक लॉक केला, इंजिन बंद केलं, खाली उतरून मागच्या चाकाला पुढून दगड लावला, दगड पायानं दाबून पाहिला, आणि मग तो हात टॉवेलला पुसला.